गंगेचा फुगवटा: शाळेच्या पाणी प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर

प्रकल्प आजपासून सुरू. शाळा जिल्हा परिषदेची, वर्ग सहावी ते आठवी. गाव नांदेड जिल्ह्यात, गोदावरीच्या काठावर, बाभळी बंधाऱ्याच्या फुगवट्यात, म्हणजे बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी मागं पसरतं त्या भागात. इथं सगळे नदीला गंगाच म्हणतात, तेव्हा वहीतही गंगाच.

विषय मी दिलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत काठाला मेलेले मासे लागले होते. शाळा उघडल्यावर भोईवाड्यातल्या आठवीच्या मुलीनं फळ्यावर प्रश्न लिहिला: "मासे आत्ताच का मरायलेत? पावसाळ्यात का नाही?" यातल्या 'आत्ताच' या शब्दातच निम्मं उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. तेवढे दिवस गंगा वाहती असते, नाल्यातून जे येईल ते पुढं नेते. २८ ऑक्टोबरनंतर दरवाजे बंद होतात, पाणी अडतं. गंगा थांबते, नाला मात्र थांबत नाही.

तीन गट पाडले. नावं मुलांनीच ठेवली: खंड्या, बगळा, मरळ.

२१ नोव्हेंबर

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. एका आईचा सरळ प्रश्न: "मॅडम, लेकरायला त्या घाणीत कशाला नेता?" प्रश्न रास्त आहे. नियम लिहून सह्या घेतल्या. कुठलंही मूल पाण्यात उतरणार नाही. नमुना दोरी बांधलेल्या बादलीनंच काढायचा. हातमोजे घालायचे, परत आल्यावर साबणानं हात धुवायचे. काठावर प्रत्येक वेळी भोईवाड्यातला एक पोहणारा माणूस हजर राहणार.

एका सदस्यानं सुचवलं, "त्यापेक्षा घाटाची सफाई करून घ्या लेकरांकडून, फोटो चांगला येतो." मी नाही म्हणाले आणि कारण इतिवृत्तात लिहायला लावलं. सांडपाण्यात जुलाबाचे, काविळीचे जंतू असतात. तिथं बारा वर्षांच्या मुलांचे हात घालणं हेच आधी चूक. शिवाय मुलांनी आज उचललेला कचरा नाला उद्या परत आणून टाकणार. ज्यांनी घाण केली नाही त्यांनीच ती वर्षानुवर्षं उपसायची, असा धडा मला या वर्गाला शिकवायचा नाही. ती येते कुठून, हे विचारायचा त्यांना हक्क आहे आणि तो त्यांनी वापरावा, एवढ्यासाठी हा प्रकल्प आहे.

२६ नोव्हेंबर

ठिकाणं ठरली. नाल्याच्या वरचा काठ, नाल्याचं तोंड, धुण्याचा घाट, भोयांच्या तराफ्यांची जागा, आणि गावातले दोन हापसे.

साधनं: थर्मामीटर, सामू (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी) बघायच्या पट्ट्या, गढूळपणा बघायला तळाशी काळी फुली रंगवलेली पारदर्शक नळी (वरून पाहत पाणी ओतत जायचं, फुली दिसेनाशी झाली की उंची मोजायची), हापशासाठी जंतूंच्या तपासणीच्या नळ्या. विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या काचेच्या बाटल्या आणि रसायनं जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागानं दिली. तिथल्या प्राध्यापक बाईंनी मला अर्धा दिवस बसवून सगळी पद्धत करून घेतली. आम्ल फक्त मी हाताळणार.

२९ नोव्हेंबर

पहिला दिवस. हे सविस्तर लिहून ठेवते.

बाटली पाण्याखाली बुडवून काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, कारण हवेचा बुडबुडा म्हणजे बाहेरचा ऑक्सिजन. मग मँगनीज सल्फेट, त्यावर अल्कली आयोडाइड, झाकण लावून बाटली उलटीपालटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी साका, म्हणजे खाली बसणारा गाळ, तयार होतो. नसेल तर साका पांढराच राहतो. पुढं आम्ल टाकून, स्टार्च घालून, थायोसल्फेटचे थेंब मोजत आकडा काढतात. पण पहिला निकाल बाटली काठावरच देते, आकड्याची वाट बघावी लागत नाही.

नाल्याच्या वरच्या काठाची बाटली तपकिरी झाली. खंड्या गटानं वहीत रंगीत खडूनं रंगवली. मग नाल्याच्या तोंडाची बाटली. मुलं डोकी जोडून बघत होती. साका बसला, पांढरा. पुन्हा हलवली, तरी पांढरा. सहावीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, याच्यात श्वासच नाही का?"

मी हो म्हणाले, दुसरं काही सुचलं नाही.

वर्गात आल्यावर कारण समजावलं. सांडपाण्यातलं खरकटं, मैला, शेण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. घाण जितकी जास्त तितकी त्यांची ऑक्सिजनची भूक जास्त. ही भूक म्हणजेच बीओडी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीप्रमाणे अंघोळीच्या नदीत लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा आणि बीओडी ३ च्या वर नको. बीओडी आम्हाला शाळेत काढता येत नाही. त्यासाठी नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवावा लागतो. ते काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होईल.

धुण्याच्या घाटावर ऑक्सिजन पाचाच्या खाली निघाला. त्या घाटावर आजही बाया अंघोळ करून सूर्याला अर्घ्य देतात.

६ डिसेंबर

तराफ्यांच्या जागेवर ऑक्सिजन बरा निघाल्यानं मरळ गट गोंधळला होता. मग मासे मरतात कशानं? गटातल्या मुलीचे आजोबा जाळं विणत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही दुपारी येता. मासा पहाटं वर येऊन तोंड वासायलाय. उन्हं वर आली की खाली जातो. पहाटं येऊन बघा."

आज उजाडायच्या आत गेलो, प्रत्येक मुलासोबत घरचं एक माणूस. त्याच जागेची बाटली पहाटे फिकट, जेमतेम तपकिरी. दुपारी तीनला पुन्हा काढली, चांगली गडद.

ही आजची सगळ्यात मोठी शिकवण. नाल्याच्या पाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन शेवाळ आणि जलपर्णी माजते. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारचं पाणी चांगलं दिसतं. रात्री ऊन नाही, ऑक्सिजन बनत नाही, पण शेवाळ, जिवाणू, मासे सगळेच तो वापरत राहतात. पहाटेपर्यंत साठा संपत येतो. दुपारी कुणी तपासणीला आलं तर कागदावर सगळं ठीक दिसेल आणि मासे मात्र पहाटे मरत राहतील. आजोबांना हे ठाऊक होतं. आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

वहीत निरीक्षणाखाली त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहायला सांगितलं. पुढं तपासणीसाठी अर्ज केला तर त्यातही ते तसंच जाईल.

१३ डिसेंबर

हापसे. नळीत पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. विष्ठेतून येणारे जिवाणू असतील तर एकदोन दिवसांत पाणी काळं पडतं. मंदिराजवळच्या हापशाची नळी तशीच राहिली. नाल्याकडच्या वस्तीतल्या हापशाची सकाळी शाळा उघडली तेव्हा काळीठिक्कर.

त्या वस्तीतली मुलं वर्गातच बसलेली होती. रोज तेच पाणी पितात. त्यांच्याकडं वळून वर्गाला हे कसं सांगावं, ते मला कळेना. पण ती मुलंच सगळ्यात आधी बोलली. एकीनं सांगितलं, पावसाळ्यात धाकट्या भावाला सलाईन लागलं होतं.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. हापशाचा ओटा तडकलेला, भोवती सांडपाण्याचं डबकं, आणि तेच पाणी तड्यातून परत खाली मुरतं. स्वच्छता सर्वेक्षणात अशा स्रोताला धोक्याचा शेरा मिळतो, आणि असे स्रोत वाढले की ग्रामपंचायतीला लाल कार्ड. गावच्या पाण्याची तपासणी बघणारे जलसुरक्षक दादा दुपारी आले. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करून दाखवली, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. हापशाचं पाणी बिनरंगीच राहिलं. त्यांनी लगेच टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, द्रावण टाकलं आणि ओटा होईपर्यंत पाणी उकळून प्यायला सांगितलं. जलजीवन मिशनमध्ये किटवर पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या बायांपैकी दोघी आमच्यासोबत यायला तयार झाल्या. हे उत्तम झालं. शाळेची तपासणी मार्चपर्यंत चालेल, बाया गावातच राहणार आहेत.

२० डिसेंबर

नाल्याच्या काठानं वर चालत गेलो. पालक सोबत. बगळा गटाकडं नकाशा.

तालुक्याच्या बाजारगावाच्या गटारी उघड्या नाल्यात येतात. टेम्पो धुवायची जागा, कोंबड्यांची पिसं, प्लास्टिक. पुढं एका कारखान्याच्या कुंपणाखालून कोमट, तपकिरी पाणी नाल्यात पडत होतं, वास नाकाला झोंबणारा. मुलांनी जागा, वेळ आणि तापमान लिहिलं. आत कुणी गेलं नाही.

परत येताना सातवीतल्या एका मुलानं नकाशावर आणखी एक बाण काढला, आपल्या गावातून नाल्याकडं. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी, दोन गोठ्यांचं शेण-मूत. गटात वाद झाला. "आपलं कशाला दाखवायचं? मग ते म्हणतील आधी तुमचं बघा." मुलगा हटला नाही. "ते म्हणायच्या आधीच दाखवू." बाण नकाशात राहिला. मला त्याचा फार अभिमान वाटला आणि मी तसं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं.

८ जानेवारी

आज तपासणी नाही. ग्रामसभेत लेकरांनी बोलावं का, यावर वर्गात चर्चा. निम्मी घाबरलेली.

मी त्यांना समुद्राकाठच्या मुलींची गोष्ट सांगितली. इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या मेलाती आणि इसाबेल विजसेन या बहिणी. २०१३ मध्ये एक बारा वर्षांची, एक दहाची. किनाऱ्यावर, भातखाचरांत प्लास्टिक साचलेलं बघून त्यांनी पिशव्यांविरुद्ध मोहीम सुरू केली, सह्या गोळा केल्या, राज्यपालांना भेटल्या. २०१९ मध्ये बालीत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. मग आपल्या देशातली रिद्धिमा पांडे. उत्तराखंडची. २०१७ मध्ये नऊ वर्षांची असताना हवामान बदलावर सरकार पुरेसं काम करत नाही म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली.

"मग जिंकली का?"

खरं तेच सांगितलं. २०१९ मध्ये न्यायाधिकरणानं याचिका निकाली काढली, तिला हवं होतं ते मिळालं नाही. त्याच वर्षी ती जगातल्या इतर मुलांसोबत संयुक्त राष्ट्रांकडं तक्रार घेऊन गेली. वर्ग थोडा वेळ गप्प. मग भोईवाड्यातली मुलगी: "म्हणजे हरली तरी परत गेली." आणि तिनं बोलणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव पहिलं लिहिलं.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्कांच्या संहितेचं बारावं कलमही वाचून दाखवलं. मुलांशी संबंधित गोष्टीत मुलांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. भारतानं ते १९९२ मध्ये मान्य केलंय.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. सरपंच ताईंनी आधीच विषय घेतला होता, तरी मागून आवाज आलाच: "लेकरायनं पाढे म्हणावं, इथं मोठ्यायचं काम हाय."

मुलांनी भाषण केलंच नाही. दोन बाटल्या आणल्या होत्या, वरच्या काठाची आणि नाल्याच्या तोंडाची, दोन्हीत सगळ्यांसमोर मी रसायनं टाकली आणि मुलीनं त्या रांगेतून फिरवल्या. एक तपकिरी, एक पांढरी. मग हापशाची काळी नळी. मग नकाशा, गावाच्या बाणासकट. बाण बघितल्यावर सभेचा सूर बदलला. पाढे म्हणायला सांगणारे काकाच उठले आणि म्हणाले, "आपल्या गोठ्याचं मी बघतो. पण वरच्याचं कोण बघणार ते लिहा आधी."

ठराव झाले. नाल्याकडच्या हापशाचा ओटा आणि सांडपाण्याची वाट नवीन करायची. घरोघरी शोषखड्डे घ्यायचे. नांदेड जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीनं, हिमायतनगर तालुक्यात, हे करून दाखवलंय. खड्ड्यात भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड, गटारच नको, डासही हटतात. तिसरा ठराव वरच्या सांडपाण्याची रीतसर तपासणी मागण्याचा.

त्या आईनं, जिनं नोव्हेंबरात प्रश्न विचारला होता, ठरावाला अनुमोदन दिलं.

१० फेब्रुवारी

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं अर्ज गेला. ठराव, नकाशा, नोंदी, महाविद्यालयाचा बीओडी अहवाल आणि आजोबांचं पहाटेचं वाक्य, सगळं जोडलं.

मुलांना एक गोष्ट नीट समजावून सांगावी लागली. आपले आकडे कारवाईचा पुरावा होत नाहीत. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमात नमुना कसा घ्यायचा ते ठरलेलं आहे. सोडणाऱ्याला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून सह्या घ्यायच्या. "मग आपण कशाला एवढं केलं?" हा प्रश्न आलाच. कारण अधिकारी रोज प्रत्येक नाल्यावर उभा राहू शकत नाही. कुठं यायचं, कधी यायचं आणि पहाटे का यायचं, हे काठावर राहणाऱ्यानंच सांगायला पाहिजे.

३ मार्च

सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालाप्रमाणे १ मार्चला बाभळीतून ०.६ टीएमसी, म्हणजे साठ कोटी घनफूट पाणी तेलंगणासाठी सोडतात. पाणी सुटायच्या आधी आणि नंतर, असे दोन नमुने घ्यायची कल्पना बगळा गटाची.

आज पहाटे तराफ्यांच्या जागेवरची बाटली डिसेंबरपेक्षा स्पष्ट गडद. घाटावरचा वासही कमी. दोन मुलांनी टाळ्या वाजवल्या. "सुधारली!"

तेव्हा मागून एक बारीक आवाज: "सुधारली नाही, बासरला गेली."

वर्गातल्या निम्म्या मुलांचं अक्षरअभ्यासाचं पहिलं अक्षर बासरच्या सरस्वतीपुढं, तांदळात गिरवलेलं आहे. बासर आपल्या खाली, तेलंगणात, गंगेच्याच काठी. टाळ्या थांबल्या. मग फळ्यावर नकाशा काढला. बाभळी, बासर, श्रीरामसागर, भद्राचलम, धवळेश्वरम, आणि तिथून फाटे फुटून अंतर्वेदीजवळ बंगालचा उपसागर. त्र्यंबकेश्वरपासून १,४६५ किलोमीटर. तिथंही भोई असतील, जाळी असतील, किनाऱ्यावर खेळणारी लेकरं असतील. आपल्या गावाला समुद्र नाही, पण आपला नाला समुद्रापर्यंत जाणाऱ्या पाण्यात पडतो.

आजवरच्या आमच्या तक्त्यात एकच रकाना होता, 'आपल्या घाटावर कसं आहे'. आज मुलांनी दुसरा आखला: 'खाली काय पाठवलं'. यापुढं घाटावरचा आकडा सुधारला की आधी विचारायचं, नाल्याच्या तोंडाशी काय आहे. तिथं आजही साका पांढराच आहे. मोठ्यांच्या अहवालांतही हा रकाना असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. नदी वाहून नेते, म्हणून काठावरचं प्रत्येक गाव स्वतःला निर्दोष समजू शकतं.

२७ मार्च

मंडळाची माणसं येऊन नमुने घेऊन गेली, अगदी सकाळी. मुलं अंतर ठेवून उभी होती. सील झालेल्या बाटल्यांचे क्रमांक त्यांनी वहीत उतरवून घेतले. अहवाल यायचाय.

हापशाचा ओटा झाला. नळी दोनदा लावली, पाणी काळं पडलं नाही. शोषखड्डे गोठेवाल्या दोन्ही घरांनी आधी घेतले. बाकीच्या गल्लीत काम धीम्या गतीनं चाललंय, दगड मिळत नाहीत म्हणतात.

आठवीची मुलं जूनमध्ये दुसऱ्या शाळेत जातील. वही सातवीकडं आणि किटवाल्या दोघी बायांकडं सोपवली. उन्हाळ्यात नमुने महिन्यातून एकदा, पहाटेच. १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत 'लेकरांचा पाणी अहवाल' हा विषय घ्यायला सरपंच ताईंनी होकार दिलाय. बोलणार बगळा गट. मंडळाचा अहवाल तोवर आला नाही तर त्याची प्रत मागणारा अर्ज कसा लिहायचा, ते सोमवारच्या तासाला घ्यायचं. तपासणीच्या नळ्या संपत आल्यात, नांदेडहून मागवायच्या.